बंदराला 'हरित' प्रमाणपत्र द्यायचं, तर नेमकं काय मोजायचं?

खाडीकिनारी

नमस्कार मंडळी,

व्यापारी बंदरांना पर्यावरणाचं प्रमाणपत्र देताना काय मोजावं, यावर इथले दर्यावर्दी, किनाऱ्यावर राहणारे आणि आकड्यांत रमणारे, सगळ्यांशी बोलायचं आहे. मी बंदरांच्या पर्यावरण लेखापरीक्षणाचं काम करते. लहान बंदरांना पेलतील अशा निकषांचा कच्चा मसुदा आम्ही काही जण मिळून लिहितोय, त्यासाठी हा धागा.

सध्या काय आहे ते आधी सांगते. सर्वात जास्त दिसतं ते आयएसओ १४००१, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक. ते १९९६ मध्ये आलं, २०१५ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. धोरण लिहिलंय का, जबाबदारी कुणाची, कायदे पाळता का, नोंदी ठेवता का, चुका सुधारता का, हे ते बघतं. धूळ किती चालेल याचा आकडा त्यात नाही. युरोपातल्या बंदरांनी १९९७ मध्ये इकोपोर्ट्स सुरू केलं. त्यात आधी बंदराने स्वतःची तपासणी करायची, मग 'पर्स' हे खास बंदरांसाठीचं प्रमाणपत्र. त्याची पडताळणी लॉइड्स रजिस्टर ही तपासणी संस्था करते आणि ते दोन वर्षं चालतं. उत्तर अमेरिकेत २००७ पासून ग्रीन मरीन आहे. तिथे एकच शिक्का मिळत नाही. प्रत्येक विषयात १ ते ५ अशी पातळी ठरते, पहिली म्हणजे नुसतं कायद्याचं पालन, आणि कुणाला कुठल्या विषयात किती मिळाली ते दरवर्षी जाहीर होतं. आपल्या बंदर मंत्रालयाने मे २०२३ मध्ये 'हरित सागर' मार्गदर्शक तत्त्वं आणली.

माझं मत असं: प्रमाणपत्राची पहिली कसोटी बंदराच्या कचेरीत लागू नये, कुंपणाबाहेरच्या हवेत आणि खाडीच्या पाण्यात लागावी. तुमचं काय म्हणणं?

बंडू बोटवाला

पहिला नंबर लावून ठेवतो. विषय खोल आहे, भरती आली की सविस्तर लिहीन.

आकडेमोड

चांगला धागा. 'हरित सागर'मधल्या एका आकड्यावर बोलायचंय.

त्यात उद्दिष्ट आहे की दर टन मालामागे कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी आणि २०४७ पर्यंत ७० टक्क्यांनी कमी करायचं. 'दर टन मालामागे' हे शब्द नीट वाचा. समजा एखाद्या बंदराने ३० टक्के कपात इमानदारीने केली आणि तेवढ्याच काळात त्याचा माल दुप्पट झाला. ०.७ गुणिले २ म्हणजे १.४. उद्दिष्ट पूर्ण, प्रमाणपत्र मिळालं आणि एकूण उत्सर्जन ४० टक्क्यांनी वाढलं.

यात कुणाची लबाडी नाही, पण बंदराच्या अंगणात राहणाऱ्या माणसाला दर टनाचा हिशेब उपयोगाचा नाही. त्याच्या छातीत जाते ती एकूण धूळ.

तुषार_फ्रेट

@आकडेमोड, थोडा असहमत. मी मालवाहतुकीत आहे. एकूण उत्सर्जनाचा निकष लावला तर वाढणारं प्रत्येक बंदर नापास होईल आणि रिकामं पडलेलं बंदर पहिलं येईल. तोच माल दुसरीकडे उतरून पुढे ट्रकने आला तर देशाचं एकूण उत्सर्जन वाढेलच. जहाजाने माल नेणं हे दर टन दर किलोमीटर ट्रकपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. त्यामुळे दर टनाचा निकष मला रास्त वाटतो.

दुसरं, लहान बंदरांना हा खर्च कोण देणार? प्रमाणपत्राची फी, सल्लागार, प्रयोगशाळा. त्या बदल्यात एक बोटही जास्त येत नाही. फायदा दिसला तर बंदरं आपणहून येतील. मुरगाव बंदराने ऑक्टोबर २०२३ पासून 'हरित श्रेय' योजनेत स्वच्छ जहाजांना बंदर शुल्कात सवलत सुरू केली. जहाजाचा पर्यावरण निर्देशांक ० ते १०० मध्ये मोजतात, गुण जास्त तर सवलत जास्त. असं काही हवं.

आकडेमोड

@तुषार_फ्रेट, कार्बनपुरतं तुमचं पटलं. कार्बन कुठेही सोडला तरी परिणाम साऱ्या पृथ्वीवर, तेव्हा तिथे दर टनाचा हिशेब ठेवा. पण कोळशाची भुकटी, खाडीत जाणारं तेल, गढूळपणा यांचा परिणाम तिथल्या तिथे होतो. तिथे खाडीला किती सोसवतं हीच मर्यादा. म्हणजे निकष दोन जातींचे हवेत, जगाचे दर टनात आणि गावाचे एकूणात. दोन्हींची सरासरी काढून एक गुण दिला की गावाचं नुकसान जगाच्या फायद्याखाली झाकलं जातं.

खाडीकिनारी

@आकडेमोड, ही विभागणी मसुद्यात घेते. इतकी स्पष्ट मांडणी आमच्याकडून झाली नव्हती.

करंजा

मी उरणचा. घरात तीन पिढ्या डोलीची, म्हणजे खुंट्यांना बांधलेल्या जाळ्यांची मासेमारी. माझा एकच प्रश्न: हे प्रमाणपत्र देताना आमच्याकडे कधी कुणी येतं का?

२०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने आमच्या भागातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक भरपाई द्यायचा आदेश दिला होता. भराव, तिवरांची (खारफुटीची) तोड, भरतीचं पाणी शिरायच्या वाटा बंद होणं, हे मुद्दे होते. पैसा हा एक भाग. त्या निकालात खाडीतली मासेमारी हे नुकसान म्हणून मोजलं गेलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. प्रमाणपत्राच्या तक्त्यात 'मासळी' नावाचा रकाना मी आजवर पाहिलेला नाही. झाडं किती लावली हा रकाना मात्र असतोच.

निवटे, चिंबोऱ्या, जिताडा कुठल्या खाडीत अजून मिळतात आणि कुठे गेले, हे आमच्या बायकांना तोंडपाठ आहे. खाजणात, भरतीचं पाणी शिरतं त्या दलदलीत, त्याच जातात. त्यांना विचारा.

माई

करंजाभाऊ, अगदी खरं बोललात. 'हरित सागर'मध्ये हरित पट्टा २०३० पर्यंत २० टक्के आणि २०४७ पर्यंत ३३ टक्के करायचा आहे असं वाचलं. हेतू चांगला आहे, पण भरावावर लावलेली शोभेची झाडं आणि खाडीतली तिवरं एकाच मापाने मोजू नयेत. तिवरांच्या मुळांत माशांची पिल्लं वाढतात, शोभेच्या झाडाखाली काय वाढणार?

चीफसाहेब

जहाजावर चीफ इंजिनियर आहे, सध्या सुट्टीवर घरी. बंदरातल्या धुरावर सगळे बोलतात, पण तो येतो कुठून ते सांगतो.

जहाज धक्क्याला लागलं की मुख्य इंजिन बंद होतं. पण दिवे, पंप, शीतकंटेनर, खलाशांचं जेवणखाण, सगळ्यासाठी जनरेटर रात्रंदिवस चालू असतात. मोठ्या कंटेनर जहाजाला हजारो किलोवॅट लागतात. उपाय म्हणजे किनाऱ्यावरून वीज घेणं. स्वीडनच्या गोथेनबर्ग बंदराने मालवाहू जहाजांना उच्च दाबाची अशी वीज २००० मध्येच दिली. त्यासाठी २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मानकही आहे.

आपल्याकडे गोम अशी की बहुतेक समुद्री जहाजं ६० हर्ट्झवर चालतात आणि आपली वीज ५० हर्ट्झची. मध्ये फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर लागतो, तो महाग. मग काही ठिकाणी काय होतं? एक पेटी बसवतात, फीत कापतात, फोटो निघतो. टग (जहाजं ओढणाऱ्या बोटी) आणि बंदराच्या छोट्या बोटी त्यावर जोडल्या जातात, मोठ्या जहाजाला वीज मिळत नाही. तक्त्यात 'किनारा वीज सुविधा: आहे' अशी खूण होते.

म्हणून निकषात 'सुविधा आहे का' हा प्रश्न नको. गेल्या वर्षी धक्क्याला लागलेल्या जहाजांच्या एकूण तासांपैकी किती तास वीज किनाऱ्यावरून गेली, तो आकडा मागा. जहाजाच्या लॉगबुकात तो असतोच.

बंडू बोटवाला

चीफसाहेब, तासांचा मुद्दा फर्स्टक्लास! तुमच्या बोटीवर जनरेटर बंद ठेवून जेवण करायची वेळ आली तर कोकणातून डबा पाठवायची जबाबदारी माझी.

आकडेमोड

@चीफसाहेब, एक शंका. महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशावरची. मग धूर बंदरातून उचलून कोराडी-चंद्रपूरला नेऊन ठेवल्यासारखं नाही का होणार? तिथेही माणसंच राहतात.

चीफसाहेब

@आकडेमोड, शंका बरोबर. म्हणूनच 'हरित सागर'मध्ये बंदराच्या विजेपैकी ६० टक्क्यांहून जास्त हिस्सा २०३० पर्यंत नवीकरणीय असावा असंही आहे. दोन्ही निकष एकत्र बघायचे, एकावर गुण घेऊन दुसरा सोडायचा नाही. जहाजाच्या जनरेटरचा धूर वस्तीजवळ, कमी उंचीवर सुटतो. इंधनातल्या गंधकाची जागतिक मर्यादा २०२० पासून ०.५० टक्के झाली, आधी ती ३.५० होती. मोठी सुधारणा आहे. तरी ट्रकच्या डिझेलपेक्षा ते कितीतरी घाण.

लाँगबीचकर

माझं घर अमेरिकेतल्या लाँग बीच बंदरापासून फार लांब नाही. इथली कहाणी सांगितली पाहिजे, कारण ती प्रमाणपत्रापासून सुरूच होत नाही.

शेजारच्या लॉस एंजेलिस बंदरात नवं कंटेनर टर्मिनल होणार होतं. २००१ मध्ये सॅन पेद्रोच्या रहिवाशांच्या संघटना आणि पर्यावरण संस्था कोर्टात गेल्या. काम थांबलं, मग तडजोड झाली. त्या तडजोडीतून २००४ मध्ये त्या टर्मिनलवर जहाजांना किनाऱ्यावरून वीज मिळू लागली, कंटेनर जहाजांसाठी जगात पहिल्यांदाच. मग २००६ मध्ये दोन्ही बंदरांनी मिळून स्वच्छ हवेचा कृती आराखडा केला. १ ऑक्टोबर २००८ पासून १९८९ च्या आधीचे ट्रक बंदरात यायलाच बंदी, पुढे टप्प्याटप्प्याने त्यानंतरचे जुने ट्रकही बंद. २००५ हे पाया-वर्ष, म्हणजे तुलनेचं वर्ष, धरून दरवर्षी उत्सर्जनाची यादी छापतात: जहाजं, टग, क्रेन, रेल्वे इंजिनं, ट्रक, सगळे वेगवेगळे. तेव्हापासून डिझेलच्या धुराचे कण ८० टक्क्यांहून जास्त कमी झाले आहेत. वस्तीतल्या हवामापकांचे आकडे कुणालाही इंटरनेटवर तासागणिक बघता येतात.

शेजाऱ्यांचा दबाव, कायद्याची सक्ती आणि उघडे आकडे, या तिघांनी हे घडवलं. प्रमाणपत्र मागून येतं. तुमच्या मसुद्यात उघड्या आकड्यांची अट नसेल तर बाकी कितीही चांगलं लिहा, उपयोग होणार नाही असं माझं ठाम मत आहे.

तुषार_फ्रेट

ट्रकचा मुद्दा आपल्याकडे फारच लागू आहे. गेटबाहेर रांगेत उभे असलेले ट्रेलर इंजिन चालू ठेवून तासन्‌तास थांबतात, चालकांना ना शौचालय ना सावली. तो धूर बंदराच्या हिशेबात येतच नाही, कारण रस्ता बंदराचा नाही.

वैदेही_कोर्टात

@तुषार_फ्रेट, तुम्ही नेमकी दुखरी नस पकडलीत. आयएसओ १४००१ मध्ये 'आपली व्याप्ती कुठवर' हे संस्था स्वतः ठरवते. मोठी बंदरं आता जमीनमालक पद्धतीने चालतात: प्राधिकरण जागा आणि जलमार्ग सांभाळतं, टर्मिनलं खासगी कंपन्या चालवतात. प्रमाणपत्र प्राधिकरणाच्या प्रशासकीय इमारतीला आणि तिच्या नोंदींना असू शकतं. कोळसा उतरवणारा ग्रॅब (क्रेनचा पंजा), रांगेतले ट्रक, धक्क्यावरची जहाजं, तीनही व्याप्तीबाहेर. पण पाटी मुख्य गेटवर लागते आणि गावाला वाटतं सगळं बंदर तपासलं.

तेव्हा मसुद्यातलं पहिलं वाक्य व्याप्तीचं असू द्या. बंदराच्या हद्दीतली सगळी टर्मिनलं, धक्क्याला आणि नांगरावर असलेली जहाजं, आणि गेटबाहेरची रांग. यातलं काही वगळलं असेल तर ते प्रमाणपत्रावरच ठळक छापायचं.

कायद्याची बाजूही सांगते. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत वर्षाला ५० लाख टन किंवा जास्त माल हाताळणारी बंदरं केंद्राकडून परवानगी लागणाऱ्या 'अ' गटात येतात. जनसुनावणीसाठी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. पण परवानगी मिळाल्यावर अटी पाळल्या का, याचे सहामाही अहवाल बंदरच लिहितं. तिथे स्वतंत्र प्रमाणपत्राला खरोखर जागा आहे. मात्र ते ऐच्छिक असल्याने परवानगीची जागा घेऊ शकत नाही, आणि उद्या कोर्टात 'आमच्याकडे प्रमाणपत्र आहे' हा बचाव होऊ नये, असं मानकातच लिहून ठेवावं.

डहाणूकर

वैदेहीताईंनी परवानगीचा विषय काढला म्हणून लिहितोय. आमच्याकडे वाढवण बंदर होतंय. १,४४८ हेक्टर समुद्रात भराव, ७६,२२० कोटींचा प्रकल्प. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. त्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणला नकार दिला होता. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांना लाल गटातून, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्यांच्या यादीतून, बाहेर काढलं. जुलै २०२३ मध्ये, नव्या अध्यक्षांच्या काळात, त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं.

उद्या हे बंदर बांधून झाल्यावर त्याची सगळी वीज सौर असेल, ट्रक विजेवरचे असतील, झाडंही असतील. तुमच्या तक्त्यात त्याला पाचपैकी पाच मिळतील. पण ज्या उथळ खडकाळ समुद्रात मासे अंडी घालायचे त्यावर भराव पडलेला असेल, त्याचे गुण कोण कापणार? बंदर कुठे असावं हा प्रश्न प्रमाणपत्र विचारतच नाही. आमच्या दृष्टीने पहिला प्रश्न तोच.

तुषार_फ्रेट

@डहाणूकर, तुमची वेदना समजते. पण देशाला खोल पाण्याचं बंदर लागणार आहे. न्हावा-शेव्यावर ताण आहे, सगळ्यात मोठी जहाजं तिथे येऊ शकत नाहीत, काही माल कोलंबो-सिंगापूरला उतरवून परत आणावा लागतो. कुठेतरी किनारा द्यावा लागेलच ना?

डहाणूकर

'कुठेतरी' हा शब्द बोलणाऱ्याच्या दारात कधीच येत नाही हो, तुषारभाऊ. रागावून म्हणत नाही.

खाडीकिनारी

@डहाणूकर, तुमचा आक्षेप टाळून पुढे जाणार नाही. प्रमाणपत्र जागेचा निर्णय देऊ शकत नाही आणि तसा आव त्याने आणू नये हे मान्य. पण एक करता येईल. नव्या बंदराची मोजणी कामकाज सुरू झाल्याच्या दिवसापासून न धरता भराव पडण्याआधीच्या स्थितीपासून धरायची. पाया-वर्ष भरावाआधीचं. मग गमावलेलं क्षेत्र, गमावलेली मासेमारी कायम हिशेबात राहते. लॉस एंजेलिसने २००५ हे पाया-वर्ष बदललं नाही म्हणून तिथला आकडा आज विश्वासाने वाचता येतो.

मुरगावकार

वास्कोहून. कोळसो हो आमचो जुनो विषय, पण सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो.

वास्कोत कोळशाच्या धुळीवरून वर्षानुवर्षं आंदोलनं झाली, सगळ्यांनी वाचलं असेल. मला तांत्रिक मुद्दा मांडायचा आहे. हवेचं मोजमाप पीएम १० आणि पीएम २.५ मध्ये, म्हणजे १० आणि २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांत करतात. राष्ट्रीय मानक २००९ चं, पीएम १० साठी २४ तासांची मर्यादा दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. पण उघड्या ढिगावरून उडणारी, खिडकीच्या कठड्यावर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी भुकटी बरीचशी १० मायक्रॉनपेक्षा जाड असते. यंत्र म्हणतं मर्यादेत, बोट फिरवलं तर काळं. यंत्रही खोटं नाही आणि बोटही.

म्हणून साचणारी धूळ वेगळी मोजा. घराच्या गच्चीवर भांडं ठेवून महिन्याची धूळ तोलायची, ही जुनी पद्धत आहे. त्यात कोळसा किती, हे सूक्ष्मदर्शकाखाली कळतं. आणि वाऱ्याची अट घाला: वाऱ्याचा वेग ठरलेल्या आकड्यापुढे गेला की ग्रॅबचं काम थांबलं का, याची नोंद वेळेसकट. पाणी फवारलं एवढं पुरत नाही, ते काळं पाणी कुठे गेलं तेही विचारा.

निवटी

सागरी जीवशास्त्रात काम करते. हवेवर छान चर्चा झाली, आता जरा पाण्याखाली.

पाण्याचा नमुना त्या क्षणाचं सांगतो. भरती-ओहोटीने दोन तासांत चित्र बदलतं, आणि तपासणी कधी आहे हे माहीत असेल तर त्या दिवशी पाणी चांगलंच दिसतं. तळाचा गाळ मात्र वर्षांचा हिशेब धरून ठेवतो. जड धातू, तेल, जहाजांच्या तळाला पूर्वी लावायचा तो टीबीटीचा रंग. त्या रंगावर २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, कारण त्याने समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटत होती. असे विषारी अंश बंदराच्या गाळात पुरलेले राहतात आणि जलमार्ग खोल करताना गाळ उपसला की पुन्हा पाण्यात येतात. तो गाळ समुद्रात नेऊन टाकतात. कुठे, किती, टाकण्याआधी तपासला का आणि टाकल्यावर तिथल्या तळाचं काय झालं, हा माझ्या मते बंदराच्या प्रमाणपत्राचा सगळ्यात जड विषय असायला हवा.

दुसरी गोष्ट बॅलास्ट पाण्याची. रिकामं जहाज तोल सांभाळायला एका बंदरातलं पाणी टाकीत भरतं आणि दुसऱ्या बंदरात सोडतं, त्याबरोबर तिथले जीव येतात. अमेरिका खंडातला 'मायटिलॉप्सिस साली' नावाचा शिंपला १९६० च्या दशकात विशाखापट्टणमला सापडला, पुढे मुंबईतही. धक्क्याचे खांब, बोटींचे तळ, पाइप, सगळ्यांवर थर चढवतो. बॅलास्टचा आंतरराष्ट्रीय करार ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याच्या निकषाप्रमाणे सोडलेल्या पाण्यात ५० मायक्रॉन आणि त्याहून मोठे जिवंत जीव दर घनमीटरला १० पेक्षा कमी हवेत. जहाजावर हे पाणी शुद्ध करायचं यंत्र असतं, पण ते चालतं का हे बंदर कधी तपासतं?

चीफसाहेब

@निवटी, यंत्र असतं हे खरं. पण गढूळ खाडीत त्याचे फिल्टर तुंबतात आणि अतिनील दिव्यांचा प्रकाश गाळात पोचत नाही. आपल्या नदीमुखांशी असलेल्या बंदरांत हा त्रास रोजचा. बंदराने नमुना घ्यायला माणूस पाठवला तर आम्हाला राग नाही, उलट कंपनीला सुटा भाग मागवायला कारण मिळतं.

आणि जहाजावरचं तेलकट पाणी, कचरा घ्यायची सोय. बंदराने ती द्यायलाच हवी, जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारात आहे. एका बंदरात आम्ही स्लज (तेलकट गाळ) द्यायची सूचना रीतसर दिली, टँकर आलाच नाही. बंदराचं नाव घेत नाही. पुढच्या बंदरात दिला. पण प्रत्येक जहाज तसं करेलच असं नाही. जहाजांनी किती मागितलं आणि बंदराने किती घेतलं, हे दोन आकडे शेजारी ठेवा.

अरुंधती_आर

अवांतर होईल कदाचित, पण पाण्यातल्या आवाजाचं काही आहे का? सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला हंपबॅक डॉल्फिन आहेत. ते आवाजावरच जगतात.

लाँगबीचकर

@अरुंधती_आर, अजिबात अवांतर नाही. ग्रीन मरीनने पाण्याखालच्या आवाजाचे निकष २०१७ पासून घेतले. कॅनडाच्या व्हँकुव्हर बंदराचा २०१४ पासून कार्यक्रम आहे, त्यात ओर्का देवमाशांसाठी जहाजं ठरलेल्या पट्ट्यात वेग कमी करतात. वेग कमी केला की आवाजही कमी, धूरही कमी.

करंजा

७ ऑगस्ट २०१० कुणी विसरलं नसेल. मुंबईच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ यांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडलं, कंटेनर तरंगत होते, त्यात कीटकनाशकंही. मुंबई आणि न्हावा-शेवा, दोन्ही बंदरं काही दिवस बंद. तिवरांच्या मुळांना काळा लेप, लोक मासळी खाईनात. ज्यांनी एक थेंब सांडला नाही त्यांचा धंदा बसला. तक्त्यात अपघाताचा रकाना आहे का?

वैदेही_कोर्टात

@करंजा, असायलाच हवा. राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आराखड्यात ७०० टनांपर्यंतच्या गळतीला तोंड द्यायची तयारी स्थानिक पातळीवर, म्हणजे बंदरांकडेही, असायला हवी. त्यापुढे तटरक्षक दल. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या एण्णोरजवळ दोन जहाजांची टक्कर झाली तेव्हा आधी सांगितलं गेलं की फारशी गळती नाही. नंतर माणसं बादल्यांनी तेलाचा चिखल उपसताना साऱ्या देशाने पाहिली. साधनं कागदावर असणं आणि बूम (तेल अडवणारा तरंगता बांध) तासाभरात पाण्यात पडणं यांत फार अंतर आहे. वही नीटनेटकी ठेवली म्हणून गणित बरोबर येत नाही. न सांगता घेतलेली कवायत, तीही पावसाळ्यात, हाच खरा निकष.

निवटी

यात प्लास्टिकचे दाणेही जोडा. २५ मे २०२५ ला एमएससी एल्सा ३ कोचीजवळ ६४० कंटेनरांसह बुडालं आणि केरळच्या किनाऱ्यावर ते दाणे आले. अजूनही वाळूत सापडतात. कुठल्या कंटेनरात काय आहे ही यादी अपघातानंतर काही तासांत मच्छीमार संस्थांना मिळाली पाहिजे.

बंडू बोटवाला

भरती आली, आता सविस्तर लिहितो. मी प्रवासी लाँच चालवायचो, रोज बंदराच्या पाण्यातून ये-जा. वर सगळ्यांनी काय मोजायचं ते सांगितलं. कोण मोजणार ते कुणी बोललं नाही. तपासनीसाला पैसे बंदर देतं. पुढच्या वेळीही तोच हवा असेल तर तो किती कडक लिहील? हे सोडवल्याशिवाय बाकी सगळं पाण्यात.

खाडीकिनारी

@बंडू बोटवाला, मी याच धंद्यात आहे आणि तुमचा प्रश्न शंभर टक्के रास्त आहे. बंदर आणि तपासनीस यांच्यात पैशाची सरळ वाट राहू नये, यावर आम्ही बरेच भांडलो. सध्याचा प्रस्ताव असा: सगळी सहभागी बंदरं मालाच्या प्रमाणात एका समाईक निधीत पैसे भरतील, तपासनीस चिठ्ठी टाकून नेमला जाईल आणि तोच माणूस सलग दुसऱ्यांदा त्याच बंदरात जाणार नाही. लहान बंदरांचा भार त्यामुळे हलका होतो, तुषारभाऊंच्या मुद्द्यालाही थोडं उत्तर मिळतं.

इथल्या चर्चेने मसुद्यात आणखी बदल झाले. किनारा विजेचे तास, साचणारी धूळ, मागितलेला आणि घेतलेला स्लज, गाळ टाकण्याच्या जागेची नंतरची तपासणी, न सांगता कवायत, आणि मासळीचा रकाना. एकूण गुण काढून टाकले. प्रत्येक विषयाची पातळी वेगळी आणि जाहीर. गाळ, धूळ किंवा मासळी यांपैकी कशातही पहिल्या पातळीखाली असलेल्या बंदराला 'हरित' हा शब्द वापरता येणार नाही, बाकी कितीही चांगलं असलं तरी.

तुषार_फ्रेट

शेवटची अट कडक आहे. पण निधीची कल्पना चालेल असं वाटतं. माझ्या ओळखीच्या एका लहान जेटीच्या व्यवस्थापकांना वाचायला देतो, त्यांचं खर्चाचं गणित इथे आणतो.

डहाणूकर

पाया-वर्ष भरावाआधीचं, हे वाक्य मसुद्यातून कुणी काढू देऊ नका.

करंजा

@खाडीकिनारी, मासळीच्या रकान्यासाठी आमच्या बाजूच्या डोलकरांची रोजची नोंद मिळेल. कुठली जाळी, कुठल्या खुंट्यावर, किती बोंबील, किती जवळा. बायकांची खाजणातली नोंद माझी बहीण घेईल. तपासनीसाला आमच्या होडीतून न्यायची तयारी आहे, त्याचे पैसे नकोत.

निवटी

@करंजा, ही नोंद फार मोलाची ठरेल. गाळाचे नमुने मे महिन्यात, पावसाआधी एकदा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकदा घेऊ, दोन्ही वेळा त्याच जागी. तुमच्या खुंट्यांच्या जागा द्या, तिथूनच सुरुवात करू. बंदराच्या पाण्यापासून दूरची एक खाडीही तुलनेसाठी लागेल, ती कुठली धरायची तेही सुचवा.

माई

मसुदा पूर्ण झाला की मराठीतच टाका. आमच्या गावच्या ग्रामसभेत मी स्वतः वाचून दाखवीन.